साक्ष कोणाची धरायची?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. हा सल्ला देणारा आणि ऐकणारा, दोघांनाही मनात आले तर ती पायरी चढता येते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत १८६५ पर्यंत गुलामाला ती मुभा जवळजवळ नव्हतीच. त्याला सहसा कोणावर दावा लावता येत नसे, करार करता येत नसे, त्याचे लग्न कायद्याच्या लेखी लग्न नव्हते, आणि गोऱ्या माणसाने त्याच्या डोळ्यांदेखत खून केला तरी त्याची साक्ष नोंदली जात नसे. त्याच्यावर चोरीचा किंवा खुनाचा आळ आला की मात्र हाच कायदा त्याला माणूस ठरवी, त्याच्यावर रीतसर खटला चालवी आणि फासावरही देई. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी तर सांगूनच टाकले की कृष्णवर्णीय माणूस, गुलाम असो वा स्वतंत्र, अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही, तेव्हा संघराज्याच्या न्यायालयात नागरिक म्हणून त्याला दाद मागता येणार नाही.

डिसेंबर १८६५ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती झाली आणि गुलामगिरी संपली. यादवी युद्धाआधीच्या, १८६० च्या जनगणनेत गुलामांची संख्या ४० लाखांच्या घरात होती. एवढी माणसे कायद्याने मोकळी झाली, पण उद्या मालकाने मजुरी बुडवली, पोर हिसकावून नेले किंवा चाबकाने फोडून काढले तर जायचे कोणाकडे, हे त्या दुरुस्तीत लिहिलेले नव्हते. या काळाची गोष्ट आपण सहसा लिंकन, सेनापती आणि पांढऱ्या बुरख्यातले कू क्लक्स क्लॅनचे लोक एवढ्यावर आटोपतो. खरी लढाई जिथे झाली ते प्रश्न दिसायला रुक्ष आहेत: साक्ष कोणाची धरायची, ज्यूरीत कोण बसणार, पुराव्याचा भार कोणावर. मुक्तीचा पुढचा सगळा इतिहास या तीन प्रश्नांच्या उत्तरांनी ठरला, आणि ती उत्तरे नशिबाने किंवा ‘समाजमनाने’ दिलेली नव्हती. ती माणसांनी घेतलेल्या निर्णयांतून आली.

युद्धात हरलेल्या दक्षिणेतल्या राज्यांनी सुरुवात झपाट्याने केली. नोव्हेंबर १८६५ मध्ये मिसिसिपीने आणि त्यापाठोपाठ दक्षिण कॅरोलिनाने जे कायदे केले त्यांना ‘ब्लॅक कोड’ हे नाव पडले. मिसिसिपीत प्रत्येक मुक्त माणसाकडे जानेवारीत वर्षभराच्या कामाचा लेखी दाखला असणे सक्तीचे झाले. आपल्याकडच्या सालगड्यासारखेच ते बांधलेले साल. पण तिथे साल मोडून निघाले तर आधी राबलेल्या महिन्यांची मजुरीही बुडे, वर कोणीही गोरा माणूस पळून गेलेल्याला धरून परत आणू शके. कामाचा दाखला नसला की भटकेपणाचा गुन्हा. ५० डॉलरपर्यंत दंड, आणि तो पाच दिवसांत भरला नाही तर शेरीफने त्या माणसाला दंड भरणाऱ्याच्या हवाली करायचे. दंड भरायला कोण पुढे येणार, हे सांगायला नकोच. ज्या मुलांचे आईबाप त्यांना पोसू शकत नाहीत असे न्यायालय ठरवील, ती मुले ‘उमेदवारी’च्या नावाखाली बांधून द्यायची, आणि त्यात पहिली पसंती जुन्या मालकाला. या कायद्यांत गुलामगिरी हा शब्द नाही. करार, दंड, पालकत्व असे सभ्य शब्द आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी निर्णय देणारा माणूस न्यायाधीश, शेरीफ किंवा मॅजिस्ट्रेट आहे.

याला उतारा म्हणून वॉशिंग्टनकडे एकच यंत्रणा होती. मार्च १८६५ मध्ये युद्धखात्याखाली ‘फ्रीडमेन्स ब्यूरो’ उभा राहिला, त्याचे प्रमुख जनरल ऑलिव्हर ओटिस हॉवर्ड. त्यांनी त्याच वर्षी मे महिन्यात आदेश काढला की जिथे स्थानिक न्यायालये कृष्णवर्णीयांची साक्ष घेत नाहीत, तिथे त्यांचे तंटे ब्यूरोच्या अधिकाऱ्यांनी सोडवावेत. ही न्यायालये म्हणजे बहुतेकदा एखाद्या गावातली खोली, टेबलामागे युद्धातून नुकताच बाहेर पडलेला एक अधिकारी आणि समोर तक्रारींची वही. वहीत फिर्यादीचे नाव, कोणाविरुद्ध तक्रार, काय तक्रार, काय निकाल. पीक निघाल्यावर हिशेब न करता हाकलून दिले, नवऱ्याला मारले, मुलगा परत देत नाही, अशा नोंदी पानोपानी आढळतात. त्यांतल्या कित्येक बायकांच्या आहेत. लिहिता-वाचता न येणारी बाई मैलोन्‌मैल चालत येऊन जुन्या मालकाचे नाव सरकारी वहीत लिहवून घेते, आणि मग त्या मालकाला उत्तर द्यायला हजर राहावे लागते. दक्षिणेतल्या जमीनदारांचा राग रकमेपेक्षा या हजेरीवर जास्त होता, असे मला वाटते.

ही न्यायालये आदर्श मुळीच नव्हती. ऐन भराच्या काळातही साऱ्या दक्षिणेत मिळून ब्यूरोचे सुमारे ९०० च प्रतिनिधी होते. १८६६ मध्ये मिसिसिपीसारख्या मोठ्या राज्यात तर डझनभर. त्यांतले अनेकजण जमीनदारांच्या घरी जेवायला जात आणि मजुरांवर करार लादून मोकळे होत. पण या तोकड्या यंत्रणेचा धाक किती होता, ते राज्यांच्या वागण्यावरून दिसते. मिसिसिपीचे गव्हर्नर बेंजामिन हम्फ्रीज यांनी आपल्या विधिमंडळाला कृष्णवर्णीयांची साक्ष मान्य करण्याची गळ घातली ती न्यायबुद्धीने नव्हे, तर ब्यूरोची न्यायालये राज्यातून जावीत म्हणून. अलाबामात ब्यूरोचे प्रमुख वेजर स्वेन यांनी राज्याच्याच न्यायाधीशांना ब्यूरोचे काम सोपवले. अट एवढीच, की साक्ष सर्वांची घ्यायची. साक्ष घेतली गेली. पण ती ऐकणारी ज्यूरी गोरी, फिर्याद लिहून घेणारा शेरीफ गोरा, आणि दरवाजावरचा पहारा उठलेला. हक्क मिळाला तो हक्क राबवणारी यंत्रणा घालवण्याच्या बदल्यात, आणि हा सौदा पुढे पुन्हा पुन्हा झाला.

एप्रिल १८६६ मध्ये काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांचा नकाराधिकार डावलून नागरी हक्क कायदा मंजूर केला. करार करणे, दावा लावणे, साक्ष देणे, मालमत्ता घेणे-विकणे या बाबतीत प्रत्येक नागरिकाला गोऱ्या नागरिकाइतकाच हक्क असेल, आणि राज्याच्या न्यायालयात तो मिळत नसेल तर प्रकरण संघराज्याच्या न्यायालयात नेता येईल, असे त्यात होते. हा कायदा योग्य हातांत पडला की काय होते, ते मेरीलँडमध्ये दिसले. तिथे १ नोव्हेंबर १८६४ रोजी गुलामगिरी संपली आणि दोनच दिवसांत एलिझाबेथ टर्नर नावाची लहान मुलगी जुन्या मालकाकडेच उमेदवार म्हणून बांधून दिली गेली. गोऱ्या उमेदवाराच्या करारात त्याला लिहा-वाचायला शिकवण्याची अट असे; तिच्या करारात नव्हती. उलट तिच्या सेवेवर मालकाचा मालमत्तेसारखा हक्क, जो तो दुसऱ्याला देऊ शकत होता. १८६७ मध्ये सरन्यायाधीश सॅमन चेस यांनी हा करार तेरावी दुरुस्ती आणि १८६६ चा कायदा या दोन्हींविरुद्ध ठरवून मुलीला मोकळे केले. चेस हे टॉनी यांच्या जागी आलेले, आणि मेरीलँड हे टॉनींचे स्वतःचे राज्य.

आता केंटकी. हे राज्य युद्धात फुटून निघाले नव्हते, त्यामुळे तिथे पुढे लष्करी देखरेखही आली नाही. तिथला कायदा सांगत होता की गोऱ्याविरुद्ध कृष्णवर्णीयाची साक्ष चालणार नाही. १८६६ चा कायदा आल्यावरही तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने १८६७ मध्ये तो मानायला नकार दिला. ऑगस्ट १८६८ मध्ये एका रात्री लुइस काउंटीतल्या जॅक फॉस्टर यांच्या झोपडीत दोन गोरे तरुण, जॉन ब्लायू आणि जॉर्ज केनार्ड, कुऱ्हाड घेऊन शिरले. जॅक, त्यांची पत्नी सॅली आणि नव्वदीच्या घरातली आंधळी आजी लूसी आर्मस्ट्राँग जागच्या जागी मेले. थोरला मुलगा रिचर्ड, जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा, जखमी अवस्थेत सरपटत शेजारच्या घरापर्यंत पोचला, मारेकऱ्यांची नावे सांगितली आणि दोन दिवसांत गेला. एक लहान मुलगी लपून राहिल्यामुळे बचावली. राज्याच्या न्यायालयात त्या मुलीची साक्ष शून्य, आणि रिचर्डच्या मृत्युपूर्व जबानीचीही तीच गत. म्हणून खटला संघराज्याच्या न्यायालयात नेला गेला. मुलीची साक्ष झाली, दोघे दोषी ठरले आणि त्यांना फाशीची शिक्षा झाली.

१८७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कायद्यात शब्द होते, हक्क नाकारलेल्या व्यक्तींवर ‘परिणाम करणारे’ खटले संघराज्याच्या न्यायालयात चालतील. न्यायमूर्ती विल्यम स्ट्राँग यांचे म्हणणे असे की फौजदारी खटल्याचा परिणाम होतो तो दोन पक्षांवर, सरकार आणि आरोपी. साक्षीदार पक्षकार नाहीत, आणि जे मेले त्यांच्यावर तर आता कशाचाच परिणाम होऊ शकत नाही. तर्क असा बिनतोड की वाचताना अंगावर काटा येतो: माणूस मारून टाकला की त्याचा न्यायालयाशी संबंध संपतो, मग तो ज्या वर्गातला त्या वर्गाला साक्षीचा हक्क नसला तरी बिघडले कुठे? न्यायमूर्ती जोसेफ ब्रॅडली यांनी विरोधी निकालपत्रात लिहिले की एखाद्या समूहाची साक्षच नाकारणे म्हणजे त्याच्यावर गुलामीचा शिक्का मारणे होय. त्यांना साथ दिली नोआ स्वेन यांनी, म्हणजे अलाबामातल्या वेजर स्वेन यांच्या वडिलांनी. केंटकीने त्याच वर्षी आपला साक्षीचा कायदा बदलला. संघराज्याचे दार लागले, राज्याचे किलकिले झाले. तोच सौदा.

इथे नेहमीचा आक्षेप येतो. समाजाची मने तयार नव्हती, तिथे कायदा काय करणार? ऐकायला हा आक्षेप समंजस वाटतो, पण १८७१ चे दक्षिण कॅरोलिना त्याला उत्तर देते. क्लॅनच्या टोळ्यांनी तिथे फटके, जाळपोळ आणि खून यांचा कहर मांडला होता. मने तयार होण्याची चिन्हे कुठेच नव्हती. ॲटर्नी जनरल एमॉस एकरमन यांच्या आग्रहावरून राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी ऑक्टोबरमध्ये नऊ काउंट्यांत हेबियस कॉर्पसचा, म्हणजे अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा, हक्क स्थगित केला, सैन्याने शेकडो लोक पकडले आणि नोव्हेंबरपासून कोलंबिया शहरात संघराज्याच्या न्यायालयात खटले उभे राहिले. ज्यूरीत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. मार खाल्लेली माणसे उभी राहिली आणि रात्री दार फोडून आलेल्यांची नावे त्यांनी भर न्यायालयात घेतली. वर्षभरात क्लॅनचा कणा मोडला. मने तीच होती; बदलली ती न्यायालयाची रचना. एकरमन यांना मात्र डिसेंबरमध्येच पद सोडावे लागले आणि पुढे खटल्यांचा जोर ओसरला.

यानंतरचे १८७३ हे वर्ष मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. त्या वर्षी जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली आणि ती त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. त्याच वर्षी १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावात कोर्टाच्या इमारतीचा ताबा राखून असलेल्या कृष्णवर्णीयांवर सशस्त्र गोऱ्यांनी हल्ला केला, इमारतीला आग लावली आणि शरण आलेल्यांनाही गोळ्या घातल्या. मृतांचा आकडा साठपासून दीडशेपर्यंत सांगितला जातो. सुमारे शंभर जणांवर आरोप ठेवले गेले, तिघे दोषी ठरले, आणि १८७६ मध्ये क्रुइकशँक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही सोडले: कायद्याचे समान संरक्षण देणारी चौदावी घटनादुरुस्ती राज्यांना बंधन घालते, खासगी माणसांना नव्हे. यावरून फुल्यांची अर्पणपत्रिका भाबडी होती असे कोणी म्हणेल तर ते चूक. मुक्ती खरीच झाली होती आणि तिच्यासाठी लाखो लोक मेले होते. शिवाय फुल्यांनी स्वतःच ‘गुलामगिरी’त आणि नंतर ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पुन्हा पुन्हा बजावले आहे की वर कलेक्टर गोरा साहेब असला तरी निकाल फिरवतो तो खालचा कारकून. अर्ज कोण लिहितो, जबानी कोण टिपून घेतो, याकडे त्यांचे बारीक लक्ष होते.

सर्वोच्च न्यायालयाने सगळेच नाकारले असेही नाही, आणि त्यामुळेच पुढचा भाग फसवा आहे. मार्च १८८० मध्ये एकाच दिवशी दोन निकाल आले, दोन्ही न्यायमूर्ती स्ट्राँग यांचे. वेस्ट व्हर्जिनियाच्या कायद्यात ज्यूरीत फक्त गोरे पुरुष बसतील असे लिहिलेले होते. तो घटनाबाह्य ठरला. व्हर्जिनियाच्या कायद्यात तसे काही लिहिलेले नव्हते, मात्र खटला ज्या काउंटीतला होता तिथे कृष्णवर्णीय कधी ज्यूरीत घेतलेच गेले नव्हते. ते चालून गेले, कारण नुसत्या गैरहजेरीवरून भेदभाव सिद्ध होत नाही. दक्षिणेतल्या वकिलांनी यातून घ्यायचा तो बोध घेतला. कागदावर लिहू नका, म्हणजे झाले. तीन वर्षांनी ब्रॅडली यांनीच, ज्यांनी फॉस्टर कुटुंबासाठी एवढे पोटतिडकीने लिहिले होते, बहुमताच्या निकालपत्रात लिहिले की मुक्त माणसाने कायद्याचा खास लाडका असणे कधीतरी थांबायला हवे. हा लाड सुरू होऊन १८ वर्षे झाली होती, त्याआधीची गुलामी अडीचशे वर्षांच्या आसपासची.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मुक्त माणसांना न्यायालये नको होती, जमीन हवी होती. पोट भरले असते तर बाकीचे हक्क त्यांनी स्वतः मिळवले असते. यात तथ्य आहे. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन यांच्या आदेशाने दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावर कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत जमीन वाटली गेली होती. पण ती गेली कशी, ते पाहावे. जॉन्सन यांनी बंडखोर जमीनदारांना माफी दिली, माफीबरोबर मालकी परत आली, आणि मुक्त माणसांच्या हातात होता तो ताब्याचा कागद, मालकीचा नव्हे. ऑक्टोबर १८६५ मध्ये एडिस्टो बेटावर जाऊन ही बातमी सांगण्याची पाळी हॉवर्ड यांच्यावरच आली. जमीन हवी होती हे खरेच, पण कायद्याने न टिकणारी जमीन एका हंगामात हातची गेली.

उलट बाजूचा पुरावाही दडवता कामा नये. इतिहासकार मेलिसा मिलेव्स्की यांनी दक्षिणेतल्या आठ राज्यांच्या वरिष्ठ न्यायालयांतले दिवाणी खटले तपासले, तेव्हा गोऱ्यांविरुद्धच्या निम्म्याहून अधिक प्रकरणांत कृष्णवर्णीय पक्षकार जिंकलेले दिसले. मृत्युपत्रे, जमिनीची खरेदीखते, फसवणूक असे हे वाद होते. म्हणजे ही माणसे खचून घरी बसली नव्हती. वकील गाठून, पैसे जमवून अपिलापर्यंत जात होती. पण दिवाणी वादात एका गोऱ्याचे नुकसान होई, व्यवस्थेचे नव्हे. जिथे मजुरांच्या साऱ्या फौजेचा प्रश्न होता तिथे न्यायालये वेगळी वागत. तेराव्या दुरुस्तीतच एक फट होती: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम घेता येतील. मिसिसिपीने १८७६ मध्ये डुक्कर किंवा गाय यांसारख्या जनावराची चोरी मोठा गुन्हा ठरवून पाच वर्षांपर्यंत कैद ठेवली. १८७४ मध्ये राज्यात २७२ कैदी होते, १८७७ पर्यंत १,०७२ झाले, आणि हे कैदी मळेवाल्यांना, रेल्वेच्या कंत्राटदारांना भाड्याने दिले जात. अलाबामात कैदी भाड्याने देण्याची पद्धत १९२८ पर्यंत चालली.

साक्षीचा प्रश्न शेवटी उचलीपाशी येऊन ठेपला. २६ डिसेंबर १९०७ रोजी अलाबामातल्या अलोन्झो बेली याने वर्षभराच्या शेतकामाचा करार केला. महिना १२ डॉलर, १५ डॉलर उचल, दरमहा सव्वा डॉलर कापून हाती पावणेअकरा. महिनाभर राबून तो निघून गेला. राज्याचा कायदा म्हणत होता की उचल न फेडता काम सोडले, याचाच अर्थ पहिल्यापासून फसवण्याचा हेतू होता. वेगळा पुरावा नको. आणि अलाबामाचा पुराव्याचा नियम असा, की आपल्या मनात काय होते हे आरोपीला स्वतः साक्षीत सांगता येत नसे. बेली आता साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत होता, पण ज्या एका गोष्टीवर खटला उभा होता तेवढीच बोलू शकत नव्हता. ३० डॉलर दंड आणि खटल्याचा खर्च अशी शिक्षा झाली; भरता आली नाही म्हणून दंडापोटी २० दिवस आणि न्यायालयाच्या खर्चापोटी ११६ दिवस सक्तमजुरी. खटल्यासाठी पडद्याआडून पैसा आणि वकील उभे केले ते बुकर टी. वॉशिंग्टन यांनी. १९११ मध्ये न्यायमूर्ती चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनी तो कायदा तेराव्या दुरुस्तीविरुद्ध ठरवला. विरोधी निकालपत्र ऑलिव्हर वेंडेल होम्स यांचे होते, ज्यांना अमेरिकेत आजही थोर न्यायमूर्तींच्या पंक्तीत बसवतात. जॉर्जिया आणि फ्लोरिडा यांनी तसलेच कायदे तरीही चालू ठेवले. जॉर्जियाचा १९४२ मध्ये गेला. फ्लोरिडात जेम्स पोलॉक नावाच्या निरक्षर मजुराने पाच डॉलर उचल घेतली आणि काम केले नाही, म्हणून त्याला १०० डॉलर दंड किंवा ६० दिवस कैद झाली होती. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तेव्हा १९४४ चा एप्रिल उजाडला होता.